घरात प्रिंटर बसवताना घाई नको



भारतातला पहिला छापखाना आपल्या गोव्यात आला, ही गोष्ट आपण वर्गात शिकवतो. १५५६ साली तो जुने गोवे येथील सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. पुढे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. भाषा मराठी, पण लिपी रोमन; कारण देवनागरीत छापण्याची सोय तेव्हा येथे नव्हती. आज मात्र पार्सेतल्या एखाद्या घरात आठवीतली मुलगी आपला प्रकल्प देवनागरीत लिहिते आणि एक बटण दाबून स्वतः छापते. ही प्रगती आनंदाची आहे.

२००० नंतरच्या दशकात गोवा शासनाच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचू लागले. संगणकामागून प्रिंटर आला. कोरोनाच्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ मध्ये, शाळा घरातच भरली आणि अनेक पालकांनी म्हापशाच्या दुकानातून किंवा ऑनलाइन प्रिंटर मागवला. शिवाय मुलांचे प्रकल्प, प्रवेशाचे अर्ज, गृह आधार किंवा लाडली लक्ष्मीसारख्या योजनांचे कागद, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, या सर्वांची छापील प्रत कोणी ना कोणी मागतच असते. त्यामुळे घरचा प्रिंटर ही आता चैन राहिलेली नाही.

परंतु प्रिंटर विकत घेताना आपण किंमत, शाई आणि वॉरंटी पाहतो. तो बसवताना काय काळजी घ्यावी हे कोणी सांगत नाही. म्हणून या अंकात मी या विषयावर लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: प्रिंटर बसवण्याचा तो एक तास हा घराचे दार उघडण्याचा तास असतो. त्या तासाला घाई केली आणि मुलाला एकटे सोडले, तर त्या दारातून नको ते आत येते. आणि ही घाई पुष्कळ वेळा आपण शाळावालेच निर्माण करतो.

धोका नेमका कुठे आहे?

समजा, रविवारची रात्र आहे आणि सोमवारी प्रकल्प द्यायचा आहे. वडिलांनी संध्याकाळी नवीन प्रिंटर आणला. खोक्यात सीडी आहे, पण लॅपटॉपला सीडी घालण्याची जागा नाही. मुलगा गुगलवर प्रिंटरचे नाव आणि 'ड्रायव्हर' असा शब्द टाकतो. (ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषा, तो नसेल तर दोघांना एकमेकांचे बोलणे कळत नाही.) सर्वांत वर जे नाव दिसते त्यावर तो क्लिक करतो. ते नाव म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, कंपनीची वेबसाइट नव्हे. पानावर कंपनीचे चिन्ह असते, रंग तेच असतात. मॉडेल नंबर विचारला जातो, एक पट्टी हळूहळू भरत जाते, आणि शेवटी लाल अक्षरात येते की ड्रायव्हर बसू शकला नाही, या नंबरवर फोन करा.

ती पट्टी खोटी असते. मॉडेल कोणतेही टाका, शेवटी चूकच दाखवायची, अशीच ती तयार केलेली असते. फोन केला की पलीकडे गोड बोलणारा 'तंत्रज्ञ' असतो. तो एनीडेस्क किंवा तसे दुसरे अॅप घ्यायला लावतो आणि तुमचा संगणक त्याच्या ताब्यात जातो. मग तो सांगतो की संगणकात व्हायरस आहे, अमुक रुपये भरा. किंवा म्हणतो, काम झाले नाही, पैसे परत देतो, यूपीआयचा पिन टाका. मुलांनो, एक गोष्ट पाठ करून ठेवा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

ही युक्ती जगभर चालते. तिचे बळ तंत्रज्ञानात नाही, आपल्या घाईत आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे म्हणतात, 'जल्दी का काम शैतान का'. आपल्याकडे घाटातल्या पाट्यांवर लिहिलेले असते, 'अति घाई संकटात नेई'. प्रिंटरच्या खोक्यावरही ही पाटी लावायला हवी.

प्रिंटर हा मुका डबा नव्हे

पुष्कळांना वाटते की प्रिंटर म्हणजे मिक्सरसारखे एक यंत्र. त्याला कसला व्हायरस? पण वाय-फायवर चालणारा प्रिंटर हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याला स्मरणशक्ती असते, पासवर्ड असतो आणि इंटरनेटशी बोलण्याची ताकद असते. काही खरी उदाहरणे सांगतो.

२०१० साली स्टक्सनेट नावाचा व्हायरस गाजला. इराणमधील अणुकेंद्राच्या यंत्रांची त्याने नासधूस केली. एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरताना त्याने ज्या वाटा वापरल्या, त्यात विंडोजमधील छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागातली एक फट होती. त्या भागाला स्पूलर म्हणतात. २०२१ साली याच भागात 'प्रिंटनाइटमेअर' नावाची दुसरी मोठी फट सापडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टला जुलै महिन्यात तातडीने दुरुस्ती पाठवावी लागली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जगातील हजारो प्रिंटरमधून आपोआप कागद बाहेर पडले आणि त्यावर एका यूट्यूब चॅनलची जाहिरात होती. हे करणाऱ्याने सुमारे ५०,००० प्रिंटर वापरल्याचा दावा केला. त्याने कुणाचे कुलूप फोडले नव्हते. ते प्रिंटर थेट इंटरनेटवर उघडे होते.

जून २०२५ मध्ये रॅपिड७ या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की ब्रदर कंपनीच्या ६८९ मॉडेलमध्ये काही त्रुटी आहेत. त्यातली सर्वांत गंभीर अशी, की कारखान्यातून येणारा पासवर्ड यंत्राच्या सिरियल नंबरवरून काढता येतो. जे प्रिंटर आधीच विकले गेले आहेत, त्यांच्यावर खरा उपाय एकच: पासवर्ड बदलणे.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात प्रोकलर्ड या चिनी कंपनीच्या प्रिंटरबरोबर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच व्हायरस निघाला. प्रिंटरचे परीक्षण करणाऱ्या एका माणसाच्या अँटिव्हायरसने इशारा दिला, तेव्हा कंपनीने प्रथम तो इशाराच खोटा असल्याचे सांगितले. तज्ज्ञांनी तपासल्यावर तो खरा ठरला. यातून घेण्याचा धडा सोपा आहे. ड्रायव्हर बसवताना अँटिव्हायरस ओरडला, तर तो बंद करू नये, थांबावे. मग समोर दुकानदार असो की कंपनीचा माणूस.

बसवण्याची योग्य रीत

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. हे कापून संगणकाजवळ चिकटवले तरी चालेल.

पहिली गोष्ट विजेची. प्रिंटर तीन पिनच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावा. दोन पिनचा जुगाड करू नये. लेझर प्रिंटर असेल तर तो संगणकाच्या यूपीएसला जोडू नये. कागदावर पावडर पक्की करण्यासाठी त्याच्या आतला रोलर सुमारे २०० अंशांपर्यंत तापतो आणि त्या क्षणी तो एकदम खूप वीज ओढतो. घरगुती यूपीएसला ते झेपत नाही. आपल्या पेडणे भागात पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी किती विजा होतात हे सांगायला नको. गडगडाट सुरू होण्याआधीच प्रिंटर, संगणक आणि राउटर यांचे प्लग काढून ठेवावेत.

दुसरी गोष्ट खोके उघडण्याची. आतल्या रंगीत चिकटपट्ट्या आणि आधाराचे तुकडे सर्व काढले आहेत का ते पाहावे. शाईच्या टाकीचा प्रिंटर असेल तर बाटलीचा रंग आणि टाकीचा रंग जुळवून मगच ओतावे. पहिल्यांदा शाई नळीत चढायला काही मिनिटे लागतात, तेवढा वेळ वीज बंद करू नये. बाटल्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. शाईचा प्रिंटर बंद करताना आधी त्याचे स्वतःचे बटण दाबावे आणि मग भिंतीवरचे. म्हणजे त्याचे तोंड झाकले जाते आणि शाई सुकत नाही. आपल्या दमट हवेत कागदाचे पाकीट प्लास्टिकमध्ये बंद ठेवावे, नाहीतर कागद अडकतो आणि ओढून काढताना प्रिंटर बिघडतो.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. आधी संगणकाची अद्यतने, म्हणजे अपडेट, पूर्ण करावीत. विंडोज १० ची नेहमीची मोफत अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हे ध्यानात ठेवावे. पुष्कळ नवे प्रिंटर विंडोज स्वतःच ओळखते. सेटिंगमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' येथे जाऊन 'अॅड डिव्हाइस' दाबून पाहावे. तेवढ्याने काम झाले तर दुसरे काही उतरवून घेऊ नये. काम झाले नाही तर गुगलवर शोधत बसू नये. खोक्यातल्या छापील पुस्तिकेत कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता असतो, तो अक्षर न् अक्षर पाहून स्वतः टाइप करावा. ग्राहक सेवेचा फोन नंबरही त्याच पुस्तिकेतला घ्यावा. काही प्रिंटरच्या पुस्तिकेत लिहिलेले असते की सांगेपर्यंत यूएसबी केबल जोडू नये, ते पाळावे.

चौथी गोष्ट वाय-फायची. घरात एकच संगणक असेल आणि तो प्रिंटरजवळच असेल, तर माझा सल्ला आहे की यूएसबी केबलच वापरावी. केबलला पासवर्ड लागत नाही आणि तिच्यातून शेजारचा कोणी शिरत नाही. वाय-फाय हवेच असेल, तर राउटरचा कारखान्यातला पासवर्ड बदलावा आणि प्रिंटरचाही बदलावा. प्रिंटर जोडण्यासाठी कोणी 'फायरवॉल बंद करा' किंवा 'राउटरमध्ये पोर्ट उघडा' असे सांगितले तर ऐकू नये. २०१८ सालचे ते हजारो प्रिंटर असेच उघडे राहिले होते.

पाचवी गोष्ट जुन्या प्रिंटरची. विकताना किंवा भंगारात देताना आधी 'फॅक्टरी रीसेट' करावे, कारण त्याच्या आत आपल्या वाय-फायचा पासवर्ड साठवलेला असतो. मोठ्या झेरॉक्स यंत्रांत तर हार्ड डिस्क असते. २०१० साली अमेरिकेतील सीबीएस या वृत्तवाहिनीने काही जुनी झेरॉक्स यंत्रे विकत घेऊन तपासली, तेव्हा त्यांत पोलिसांचे आणि रुग्णांचे कागद जसेच्या तसे सापडले. शाळेचे जुने यंत्र काढताना आपल्या विश्वस्तांनीही हे पाहावे, अशी माझी विनंती आहे.

कागदपत्रांची काळजी

घरी प्रिंटर असण्याचा मोठा फायदा मला वाटतो तो खासगीपणाचा. आज आपण दुकानात जातो आणि आधार कार्ड दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो. तो छापून देतो, पाच-दहा रुपये घेतो, पण ती फाइल त्याच्या संगणकात तशीच राहते. दुकानदार भला माणूस असतो, पण त्या संगणकावर दिवसभरात किती जण बसतात? मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका प्रादेशिक कार्यालयाने सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवून घेऊ नये आणि घेतलेच तर नंतर सर्व प्रती काढून टाकाव्यात, असे कळवले होते. लोकांचा गैरसमज होईल म्हणून ते पत्रक दोन दिवसांत मागे घेतले गेले. पत्रक मागे गेले तरी त्यातला हा सल्ला शहाणपणाचाच होता.

ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो. आपल्याला ओळखणाऱ्याला तो सहज कळेल. म्हणून जेथे चालत असेल तेथे शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड' आधार छापावे. आणि छापून झाल्यावर दोन गोष्टी कराव्यात: काचेवर राहिलेला मूळ कागद उचलावा, आणि संगणकाच्या 'डाउनलोड्स'मधली फाइल काढून टाकावी.

मुलांना एकटे सोडू नका

पालकहो, आता एक मनातली गोष्ट. पुष्कळ घरांत संगणकाचे काम मुलावर सोपवलेले असते. 'आम्हाला त्यातले काय कळते, आमचा बाबू सगळे करतो,' असे पालक कौतुकाने सांगतात. कौतुक योग्यच आहे. पण प्रिंटर बसवताना त्या बाबूच्या हातात वडिलांचा मोबाइल असतो आणि कधी कधी बँकेचे कार्डही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तंत्र कळते, पण गोड आवाजातली लबाडी कळेलच असे नाही. तुम्हाला ड्रायव्हर कळत नसेल, पण माणूस कळतो. बाजारात मासळी घेताना ताजी कोणती आणि शिळी कोणती हे ओळखणाऱ्या आईला, फोनवरचा माणूस पैशांची घाई का करतो आहे, हेही ओळखता येईल. म्हणून त्या एका तासाला मुलाजवळ बसा. तो हात चालवील, तुम्ही लक्ष ठेवा.

आणि तरीही काही वाईट घडले, तर मुलाला मारू नका, बोलू नका. हे मी दयेपोटी म्हणत नाही, हिशेबाने म्हणतो. फसवणूक झाल्यास १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर तेथे कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त असते. एकदा ते चोरट्याने काढून घेतले की परत मिळणे फार कठीण. ज्या मुलाला घरच्या ओरडण्याची भीती असते, ते मूल दोन दिवस गप्प राहते, आणि तेच दोन दिवस चोराला हवे असतात. ज्या घरात मूल धावत येऊन सांगते की 'बाबा, माझ्याकडून चूक झाली', ते घर वाचते. अशा वेळी आधी इंटरनेट बंद करा, मग १९३० ला आणि बँकेला फोन करा, पेडणे पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि दुसऱ्या स्वच्छ मोबाइलवरून पासवर्ड बदला.

शाळेने काय करावे?

शेवटी आपल्या शाळेकडे येतो. घाई हा धोक्याचा उगम असेल, तर ती घाई कोण लावते हेही पाहिले पाहिजे. 'उद्या रंगीत प्रिंट आणा' ही सूचना वहीत लिहायला शिक्षकाला अर्धा मिनिट लागतो. घरी मात्र त्यासाठी रात्री धावपळ होते. ज्यांच्या घरी प्रिंटर नाही त्यांची तर कुचंबणाच होते.

म्हणून माझे मत असे आहे. छापील प्रकल्प सांगायचा असेल तर किमान आठ दिवस आधी सांगावा. जेथे हाताने लिहिलेले चालते तेथे छापलेले मागू नये, आणि रंगीत छपाईला वेगळे गुण तर मुळीच देऊ नयेत. चतुर्थीच्या सुट्टीत मूल माटोळीतल्या फळांची आणि वनस्पतींची नावे विचारून, स्वतः चित्रे काढून वही आणील, तर तो इंटरनेटवरून छापलेल्या वीस पानांपेक्षा मोठा प्रकल्प आहे. काही शिक्षक म्हणतील की आजच्या युगात मुलांनी संगणक वापरलाच पाहिजे. मान्य आहे. पण वापर शिकवणे आणि छापील पाने गोळा करणे यात फरक आहे.

विश्वस्तांपुढे मी एक सूचना ठेवतो. महिन्यातील एका शनिवारी दुपारी शाळेची संगणक खोली पालकांसाठी उघडी ठेवावी. नवीन प्रिंटर घेतलेल्यांनी आपला लॅपटॉप आणि खोक्यातली पुस्तिका घेऊन यावे, आणि आपले संगणक शिक्षक व वरच्या वर्गातले विद्यार्थी यांनी ड्रायव्हर बसवून द्यावा. ज्यांच्याकडे प्रिंटर नाही त्यांना कागदाच्या खर्चात आवश्यक पाने छापून द्यावीत. यासाठी नवीन इमारत नको, देणगी नको. फक्त किल्ली आणि दोन तास हवेत. त्यातून मुलांना दुसऱ्याला मदत करण्याचे शिक्षण मिळेल ते वेगळेच.

पालकांनी या सूचनेवर आपले मत कार्यालयात कळवावे, म्हणजे पुढच्या सभेत ते विश्वस्तांपुढे मांडता येईल. आणि यंदा घरात प्रिंटर येणार असेल, तर तो रविवारी रात्री उघडू नका. सकाळी उघडा, पुस्तिका समोर ठेवा, आणि सर्वांनी मिळून बसवा.

आपला,
मुख्याध्यापक